अवेळी आलेली फुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त लोणच्यांचा नको, तो मागल्या खेपेला झाला." मी म्हटले, मला लोणच्यांखेरीज दुसरे येते काय? तेव्हा त्यांनी माझ्या अंगणाकडे बोट दाखवले. म्हणून आज फुलांविषयी चार शब्द बोलणार आहे. बाग हा शब्द मात्र मी वापरणार नाही. पुढे दहा पावले, मागे मोरीच्या पाण्यावर वाढलेली सात-आठ पावले, आणि पत्र्याच्या पडवीत एक जुना ड्रम कापून केलेली कुंडी, एवढाच माझा पसारा. आपल्यापैकी निम्म्या जणींनी तो पाहिला आहे. उरलेल्या जणींनी त्यातली फुले पाहिली आहेत, कारण ती त्यांच्या देव्हाऱ्यात जातात.

आपल्या पहूरच्या हवेत फुलझाडे सांभाळणे म्हणजे लहान मुलाला जत्रेत सांभाळण्यासारखे आहे. वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा असा चिखल होतो की वहाण निघून यावी, आणि पाऊस सरला की त्याच जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तरीही फुलांचे एक पंचांग आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत मोगरा. श्रावणात तेरडा, गोकर्ण आणि तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी. दसऱ्याला झेंडू, दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत शेवंती. पौष लागला की परडी हलकी होते. मग जास्वंद आणि सदाफुली यांच्यावर देवांनी समाधान मानावे, अशी रीत आहे.

यंदा हे पंचांग माझ्या अंगणात पार उलटेपालटे झाले.

पहिली गोष्ट मोगऱ्याची. धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी पितृपंधरवड्यात पुण्याला गेले, ती दिवाळीच्या दोन दिवस आधी परत आले. जाताना शेजारच्या मुलाला तुळस आणि गुलाब सांगून गेले होते, आणि त्याने ते इमानाने केले. मोगरा आहे पडवीतल्या ड्रममध्ये, पत्र्याखाली. तिथे परतीच्या पावसाचा थेंब जात नाही आणि नळीही पोहोचत नाही. मी येऊन पाहते तो झाडाची पाने गळालेली, उरलेली पिवळी, काड्या वाळल्यासारख्या. नखाने साल खरवडून पाहिली तर आत हिरवे होते. तेव्हा शेंडे छाटले, माती हलवली, ओंजळभर जुने शेणखत घातले आणि पाणी सुरू केले. दिवाळीच्या गडबडीत मग त्याच्याकडे बघायलाही फुरसत मिळाली नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पहाटे पडवीत गेले आणि थबकले. मोगऱ्याचा वास. आधी वाटले, कोणाच्या उदबत्तीचा असेल. खाली वाकून पाहिले तर कोवळ्या फुटीवर कळ्या आणि दोन उमललेली फुले. उन्हाळ्यातल्या फुलांच्या निम्म्या आकाराची. वासही असा की नाक जवळ न्यावे तेव्हा कळावा. पण मोगराच तो. पुढच्या दहा-बारा दिवसांत मोजून सतरा फुले आली. उन्हाळ्यात त्याच झाडाची शे-दीडशे फुले आपण सहज तोडतो आणि मोजत नाही. ही सतरा मी मोजली.

आता हे घडले कसे? ज्यांच्या घरी मोसंबीचा किंवा लिंबाचा मळा आहे, त्या मनात हसत असतील. त्यांना हे घरचेच आहे. जामनेर-पाचोऱ्याकडचे बागाईतदार मोसंबीचे पाणी तोडतात, त्याला आपण ताण देणे म्हणतो. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते, पाने गळतात, आणि काडीत अन्न साठून राहते. मग मशागत करून, खत घालून पाणी सोडले की झाड नव्या फुटीबरोबर फुलावर येते. हलक्या जमिनीला ताणाचे दिवस कमी लागतात, भारी काळ्या जमिनीला जास्त, कारण ती पोटात ओल धरून ठेवते. पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे यावर बहार ठरतो. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे पुरुषमाणसांच्या बोलण्यात आपण लहानपणापासून ऐकली. माझ्या मोगऱ्याने ड्रमातल्या दोन बादल्या मातीत आपला एक निराळा बहार धरला.

येथे एक बोलून टाकते. झाडावरून माणसाला धडा काढून द्यायची भाषणांत रीत आहे. दुःख सोसले म्हणजे माणूस फुलतो, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. ताण दिला की फूल येते हे मोगऱ्याला आणि मोसंबीला खरे. बाईला ताण दिला तर ती वाळते. आणि मोसंबीलासुद्धा बागाईतदार दिवस मोजून ताण देतो. पाणी द्यायचे विसरून गेला तर झाड मरते, फुलत नाही.

हे मी का बोलते ते पुढे येईलच.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. आपण सगळ्या त्यांना ओळखता, म्हणून नाव घेत नाही. मी नवी नवरी होऊन पहूरला आले तेव्हा पी.जे.ची छोटी गाडी पाचोऱ्याहून जामनेरला धावत होती आणि तिच्या शिटीवर आम्ही चुलीवर तवा टाकत असू. २०२० साली ती गाडी थांबली. पण त्या दिवसांपासून अक्कांचा एक नेम होता. सकाळी सात वाजता परडी घेऊन यायच्या. देवाची फुले परडीत, आणि एक फूल वेणीत. हंगाम असला तर मोगरा, नाही तर पिवळी शेवंती, काहीच नसले तर तगर. फुलावाचून त्या घरी गेल्या असे मला आठवत नाही. २०२१ च्या साथीत त्यांचे यजमान गेले. त्यानंतर परडी येते, पण वेणीतले फूल थांबले. मी एक-दोनदा न बोलता फूल पुढे केले. त्यांनी ते परडीत टाकले आणि "देवाले होईल" म्हणाल्या.

मोगऱ्याची फुले आली त्या आठवड्यात मी पाच-सहा फुले वाटीत पाणी घालून ओट्यावर ठेवली होती. अक्का आल्या, थांबल्या, इकडे तिकडे पाहिले.

"आता कुठला वं मोगरा, माय?"

मी ड्रम दाखवला. त्या खाली बसल्या. गुडघे दुखतात, तरी बसल्या. झाडाची एक-एक काडी बोटांनी चाचपून पाहिली. मी सगळी हकिगत सांगितली, ताण, छाटणी, शेणखत. त्या एवढेच म्हणाल्या, "झाडाले त्याचं त्याले कयतं." मग वाटीतली दोन फुले उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवली. परडीत नाही आणि डोक्यातही नाही. आपल्या आयाआज्या पदराच्या गाठीत सुटे पैसे ठेवायच्या, तशी. दुपारी मला त्यांच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. नातीला त्या गाठ सोडून वास देत होत्या.

त्यांनी ते फूल डोक्यात माळायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. माळावे की न माळावे हे सांगणारी मी कोण? पण ज्या बाईने तीसपस्तीस वर्षे रोज एक फूल माळले, तिला चार वर्षांनी फूल मिळाले ते पदरात लपवून न्यावे लागते, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

आता दुसरी गोष्ट, शेवंतीची. हिच्यात मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या सगळ्यांच्या घरी शेवंती आहे.

माझे शेवंतीचे दोन वाफे आहेत. एक मागे मोरीजवळ, दुसरा पुढे रस्त्याच्या भिंतीलगत. दोन्हींत एकाच झाडाच्या काश्या लावलेल्या, खत-पाणी सारखे. मागचा वाफा दिवाळीत पिवळाजर्द झाला. पुढचा वाफा उंच वाढला, हिरवागार, पण कळी म्हणून नाही. सूनबाई म्हणाली, खत जास्त झाले असेल. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. नातू विज्ञान शिकतो, तो म्हणाला, "आजी, त्या भिंतीवर काय आहे ते बघ." भिंतीवर काही नव्हते. भिंतीच्या वर, खांबावर, पावसाळ्याआधी बसलेला रस्त्याचा नवा दिवा होता. पांढराशुभ्र, रात्रभर जळणारा.

शेवंतीला रात्र मोजता येते, बरे का. तिला मोठी रात्र लागते. आपल्याकडे ज्येष्ठात दिवस सव्वातेरा तासांच्या पलीकडे जातो, आणि पौषाच्या सुरुवातीला तो अकरा तासांवर येतो. दिवस आखडू लागला आणि रात्र वाढू लागली की शेवंती वाढ थांबवून कळीला लागते. अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघा संशोधकांनी १९२० साली ही गोष्ट जगापुढे मांडली. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. उन्हाळ्यात ती माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. त्यांनी झाडे कुंडीत लावली आणि रोज दुपारी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली. झाडे भर उन्हाळ्यात फुलली. पुढे असेही कळले की झाड मोजते ते अंधार, आणि तोही सलग. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी शेवंतीचा हिशेब मोडतो. हरितगृहांत शेवंती करणारे लोक याच ज्ञानावर धंदा करतात. फूल लांबवायचे असेल तर रात्री दिवे लावतात, लवकर हवे असेल तर काळे कापड पांघरतात.

माझ्या पुढच्या वाफ्याला रात्र झालीच नव्हती.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तो दिवा गेला. गेला तो महिन्यापेक्षा जास्त दिवस गेलेलाच राहिला. रस्ता अंधारात, आणि शेवंतीला सुगी. संक्रांतीच्या आधी कळ्या दिसल्या, आणि संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, जेव्हा गावात कोणाकडे शेवंतीचे नाव नव्हते तेव्हा, माझ्या भिंतीलगत दोनअडीचशे फुले एकदम उघडली. तोपर्यंत दिवा दुरुस्त झाला होता, पण धरलेल्या कळ्यांनी आता माघार घेतली नाही. रस्त्याने जाणारे सायकल थांबवून पाहत. एकाने विचारले, "मावशी, कागदाची लावली का?" मी म्हटले, वास घेऊन बघ.

कोणी म्हणेल, मग दिवा बंदच बरा. छे! त्या रस्त्याने मुली संध्याकाळी शिकवणीहून परततात, बायका दळण आणतात. दिवा हवाच, आणि तो बंद पडला तर आपण मंडळातर्फे अर्ज द्यावा असे माझे मत आहे. शेवंतीसाठी उपाय सोपा आहे. भाद्रपद निघाला की संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत दिव्याच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा उभा करायचा, कळ्या नीट दिसेपर्यंत. रोजचे पाच मिनिटांचे काम. ज्यांच्या ओट्यावर रात्रभर दिवा असतो आणि ज्या "आमची शेवंती वांझ निघाली" म्हणतात, त्यांनी हे करून बघावे. आणि झाडाला झाले तरी वांझ हा शब्द वापरू नये.

झेंडूविषयी एवढेच, की दसरा-दिवाळीला त्याला मान असतो, दिवाळीच्या पाडव्यानंतर त्याला कोणी विचारत नाही. मी माझी झाडे उपटत नाही. सुकलेली फुले खुडत राहते. बी धरायला वाव दिला नाही की झेंडू पुन्हापुन्हा फुलतो. पौषापर्यंत मला लहान लहान फुले मिळाली. तेरड्याचे तर काय सांगावे! श्रावणात फुटलेल्या बोंडांतले बी उशिराच्या पावसावर उगवले आणि वीतभर रोपट्यांना दिवाळीत फुले आली. म्हणीतले तीन दिवस धरले तरी आमचा तेरडा यंदा दोनदा सासरी येऊन गेला.

आता शेवंतीची ती दोनअडीचशे फुले. हळदीकुंकवाचे दिवस होते. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू ठरले होते, आणि फुले कुठून आणायची हा प्रश्न होता. जळगावहून मागवली तर पैसे फार. मी म्हटले, फुले माझी, पण माझी एक अट. दारात उभ्या राहणाऱ्या मुलीने येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक फूल द्यायचे. कुंकू लावण्याच्या आधी, आणि कोणालाही काही न विचारता. आणि बोलावणे गल्लीतल्या सगळ्या घरांना द्यायचे, सगळ्या बायकांना.

हे काही जणींना आवडले नाही. आज त्या इथे बसल्या आहेत आणि मी त्यांच्या तोंडावर बोलते आहे, कारण मागे बोलणे मला जमत नाही. त्यांचे म्हणणे, हळदीकुंकू हा सवाष्णींचा सोहळा आहे, त्यात अशी भेसळ नको. मी त्यांचा राग मानत नाही. त्यांच्या सासूने त्यांना जे शिकवले, तेच माझ्या सासूने मलाही शिकवले होते. पण मी विचारते, फुलाला हा भेद केव्हापासून शिकवला? आपल्या गावाहून दूर नाहीत ती अजिंठ्याची लेणी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांतल्या बायकांच्या केसांत फुले आहेत. त्यांतली सवाष्ण कोण आणि नसलेली कोण, हे चितारणाऱ्याने लिहून ठेवलेले नाही. आणि आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी! आसोद्याची लेक. तिशीच्या आसपास वैधव्य आले, लहान मुले पदरात. शेतात राबता राबता जे गाणे त्यांनी रचले, ते त्या १९५१ साली गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तकात आले, आणि आज खानदेशातल्या कुठल्याही मंगल कार्यात ते म्हटल्यावाचून चालत नाही. त्यांचे शब्द शुभ, आणि त्या स्वतः दारात आल्या असत्या तर आपण त्यांना फूल दिले नसते काय?

कोल्हापूरकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे आमच्या गावात यापुढे होणार नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे म्हणून सांगितले. त्या ठरावापुढे माझी अट फारच लहान होती. एक फूल, तेही हातात.

अट मान्य झाली. काठावर झाली, पण झाली. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या ज्या अकरा जणींना एरवी बोलावणे जात नाही, त्यांतल्या सहा आल्या. दोघींनी फूल तिथेच केसांत खोवले. एकीने कार्यक्रमभर मुठीत धरले आणि जाताना सतरंजीवर ठेवून गेली. तिने ते विसरून ठेवले की जाणून, ते मी विचारले नाही. तीन जणी फूल घेऊन घरी गेल्या. आणि आमच्याकडच्या सवाष्णींपैकी चौघी यायच्या राहिल्या, तेही सांगायला हवे. त्यांतल्या एकीच्या घरी मी तिळगूळ घेऊन गेले. तिने चहा दिला, बोलली मात्र कापसाच्या भावावर.

अक्का त्या दिवशी आल्या नाहीत. मी दोनदा दाराकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता परडी घेऊन आल्या. देवाची फुले तोडली. मग भिंतीलगतच्या वाफ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याच्या काश्या मले देशील का? माझ्या दारात लावीन म्हनते." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे रोप मागितले नव्हते. त्यांच्या दारात तुळशीखेरीज काही नाही. मी म्हटले, अक्का, फुले संपू द्या, मग बुंध्याशी फुटवे येतील, हव्या तेवढ्या न्या. त्या म्हणाल्या, "दिवा माह्या दारासमोर नाही ना वं?" म्हणजे नातवाचे व्याख्यान त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

आता कामाचे सांगते आणि खाली बसते. फुले ओसरली की मी झाडे जमिनीलगत कापणार आहे. त्यानंतर बुंध्याशी काश्या फुटतील. ज्यांना हव्या असतील त्यांनी चैत्र लागल्यावर सकाळच्या वेळी यावे, येताना ओले फडके आणावे, मुळे उघडी नेऊ नयेत. उन्हाळाभर सावलीत, रोज थोडे पाणी देऊन जगवायच्या आणि पहिला पाऊस झाला की वाफ्यात हातभर अंतराने लावायच्या. पाणी साचू देऊ नका, काळ्या जमिनीत मुळे कुजतात. थोडी वाळू मिसळा. अक्कांसाठी एक डझन काढून ठेवणार आहे. बाकीच्या जो आधी येईल त्याला. मागच्या वाफ्याच्या काश्या मागू नका, पुढच्याच द्यायच्या आहेत. खरे तर दोन्ही एकाच झाडाच्या आहेत, पण हे कितीही सांगितले तरी सगळ्यांना संक्रांतीला फुललेलीच हवी असणार, हे मला ठाऊक आहे.